आधी अर्थ तपासा, मग पार्ट बदला

जुनी गाडी हौसेनं उभी करायला घेणाऱ्यांच्या खर्चाच्या वह्या पाहिल्या तर त्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी नवी बॅटरी. ती बसवूनही सेल्फ जड फिरतो, म्हणून सेल्फ खोलून त्याचे ब्रश आणि बुश बदलले जातात. तरी हेडलाइट पिवळटच, म्हणून अल्टरनेटर. मग रिले, मग फ्यूजबॉक्स. शेवटी कुणीतरी सुचवतं की सगळं वायरिंगच नवं टाकून घ्या. एवढं करून गाडी पहिल्या पावसात पुन्हा रुसते. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण अनेकदा तो दुकानात मिळणाऱ्या कुठल्याच वस्तूत नसतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारे अर्थचे जे दोन-तीन जोड असतात, त्यांत तो असतो.

ही उधळपट्टी टाळता येते. त्यासाठी गॅरेजातली रीत बदलावी लागेल. मीटरवर अर्थचा आकडा पाहिल्याशिवाय एकही इलेक्ट्रिकल पार्ट बदलू नये आणि तो आकडा शोधायला लागलेल्या वेळेची मजुरी गाडीमालकानं खळखळ न करता द्यावी.

गाडीतल्या अर्थचा घरातल्या अर्थिंगशी संबंध नाही. गाडी रबरी टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा विजेचा व्यवहार नसतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेला करंट दिव्यातून, हॉर्नमधून, सेल्फमधून वाहतो आणि निगेटिव्हकडे परत येतो. जायला प्रत्येक उपकरणाला वेगळी वायर असते. परत यायला मात्र गाडी बनवणाऱ्यांनी तिचं पोलादी अंगच वापरलं. त्यात तांबं वाचतं, वजन वाचतं, वायरिंगचा गुंता कमी होतो. पण मुक्कामाला गेलेली एसटी परत आली नाही तर दुसऱ्या दिवशीची फेरी सुटत नाही, तसंच करंटचं आहे. परतीच्या वाटेवर जेवढी अडवणूक, तेवढं जाणाऱ्या वाटेवरचं काम मंद.

जाणाऱ्या वायरी रंगीत असतात, फ्यूजमधून जातात, वायरिंगच्या नकाशावर ठळक काढलेल्या असतात. परतीची वाट म्हणजे रंगाच्या थराखाली दडलेला एखादा बोल्ट. नजर तिकडे जात नाही.

महाराष्ट्राला याचं उदाहरण लांब शोधायला नको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० तयार होत असे. सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावानं ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि पुढे अनेक दशकं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि रस्त्यावरचं ते पर्व मिटलं. आता उरलेल्या पद्मिनी हौशी लोकांच्या अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शहराबाहेरच्या शेडमध्ये आहेत. त्या चालत्या ठेवायच्या तर त्यांची दुरुस्ती ज्या हातांना येते ती विद्याही चालती ठेवावी लागेल.

अशी एखादी पद्मिनी रिस्टोरेशनला घेतली की अर्थची वाट नेमकी कशी तुटते, ते पाहण्यासारखं आहे. शेल उघडं करतात, कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करतात, लांबी भरून घासतात, प्रायमर आणि रंगाचे थर चढवतात. बारीकसारीक ब्रॅकेट पावडर कोटिंगला जातात. हे सगळे थर वीज अडवतात. कारखान्यात ज्या जागी उघड्या पत्र्यावर अर्थचा बोल्ट आवळलेला होता, तिथे आता चकचकीत रंग असतो आणि त्यावर तोच बोल्ट पुन्हा आवळला जातो. बोल्टच्या आट्यांनी कुठेतरी रंग खरवडला तर तेवढ्यापुरता करंट जातो. इंजिन नव्या रबरी माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. जुनी पट्टी तेलकट आणि तुटकी म्हणून खोलताना फेकलेली असते, नवी कुणाच्या यादीत नसते. जितकं रंगकाम सुबक, तितकी अर्थची अवस्था वाईट, असं या गाड्यांत सर्रास घडतं.

आता थोडा हिशोब मांडू. जॉर्ज ओहमनं १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे पुरेसा आहे: करंटला रोधानं गुणलं की तेवढे व्होल्ट वाटेत खर्च होतात. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. अर्थच्या जोडाचा रोध एका ओहमचा शंभरावा हिस्सा, म्हणजे ०.०१ ओहम असला, तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्च होतात. सेल्फ मारताना बॅटरी आधीच साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरलेली असते. त्यातून दीड गेले की सेल्फच्या वाट्याला नऊ उरतात. वाया गेलेले दीड व्होल्ट आणि १५० अँपिअर मिळून सव्वादोनशे वॅट उष्णता त्या एका जोडात तयार होते. म्हणूनच जरा वेळ सेल्फ मारल्यावर खराब टर्मिनल हाताला कढत लागतं.

तुलनेसाठी चांगली बाजू पाहा. २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या केबलचा रोध एक मिलिओहमपेक्षाही कमी असतो. तेवढ्याच करंटला तीत साधारण ०.१२ व्होल्ट जातात. म्हणजे केबल चांगली आणि जोड स्वच्छ असेल तर परतीच्या वाटेवर नुकसान जवळपास नसतंच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलही मिळतात. त्या दिसायला तेवढ्याच जाड असतात, पण त्यांचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो. वरचं कवच जाड असलं की आतलं तांबं किती हे कळत नाही. म्हणून केबल विकत घेताना टोक सोलून बघणं हा हक्क आहे.

या दोषाची लक्षणं फसवी असतात. त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे गाडी सेल्फवर सुरू होत नाही, पण चौघांनी धक्का मारला की लगेच पेटते. जुन्या गाडीत इग्निशन कॉइलचा करंट पॉइंटमधून डिस्ट्रिब्युटरच्या अंगात आणि तिथून इंजिनात उतरतो. इंजिनाचा अर्थ खराब असला की सेल्फ मारताना सेल्फ तर अर्धमेला होतोच, शिवाय नेमक्या त्याच क्षणी कॉइललाही पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत आणि ठिणगी अशक्त पडते. धक्का मारताना सेल्फ मध्ये नसतो. कॉइलला तीन-चार अँपिअर पुरतात, तेवढे त्या आजारी जोडातून जातात आणि गाडी सुरू होते. मालक म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते.

दुसरं लक्षण धोक्याचं आहे. इंजिनाला सरळ परतीची वाट मिळाली नाही की करंट इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा दुसरा धातू शोधतो. असा धातू म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. या केबल पोलादाच्या बारीक तारांच्या असतात, शंभर अँपिअरसाठी त्या बनलेल्याच नाहीत. सेल्फ मारताना चोकच्या केबलमधून धूर निघणं, तिचं प्लास्टिकचं कवच वितळणं, ॲक्सिलरेटर अडकून बसणं, हे सगळं त्यातून होतं. अशी जळालेली केबल बदलून गाडी परत देणारा मेकॅनिक दोष तसाच ठेवून जातो. नवी केबलही त्याच वाटेनं जाते, आणि अडकलेला ॲक्सिलरेटर घाटात काय करू शकतो हे सांगायला नको.

मागच्या दिव्यांतला गोंधळ तर पाहण्यासारखा असतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्या तालावर उघडझाप करतो. मागच्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ गंजला की ब्रेकलाइटचा करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा जाऊन दुसऱ्या बाजूनं अर्थ शोधतो. फ्लॅशर बदलून हे जात नाही. होल्डर जिथे पत्र्याला बसतो ती जागा घासून स्वच्छ केली की जातं. डॅशबोर्डवर पेट्रोल आणि तापमानाचे काटे हेडलाइट लावताच एकदम हलले, तर तिथेही आधी सामायिक अर्थचा संशय घ्यावा. तापमानाचा सेंडर आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो, म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले तर काटा चुकीचं सांगू शकतो.

हेडलाइटचा विषय मात्र केवळ गाडीच्या हौसेपुरता नाही, तो समोरून येणाऱ्याच्या जिवाचाही आहे. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात कमी होत नाही, फार झपाट्यानं कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या आसपास घेतात. दोन्हींचा अर्थ एकाच गंजलेल्या स्क्रूवर असेल आणि तिथे ०.१३ ओहमचा रोध असेल, तर एक व्होल्टहून जास्त तिथेच गेला. यावर गॅरेजात सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे १०० आणि ९० वॅटचे बल्ब. त्यांनी करंट वाढतो, त्याच खराब जोडात आणखी व्होल्ट जातात, जुनी वायर आणि डिपरचा स्विच तापून वितळतो, आणि रस्त्यावर पडणारा प्रकाश अपेक्षेइतका वाढत नाही. प्रत्येक हेडलाइटला स्वतंत्र जाड अर्थ वायर आणि एक रिले, हा उपाय स्वस्त आहे आणि टिकतो.

मग हा दोष पकडायचा कसा? इथेच बहुतेक ठिकाणी पहिली चूक होते. मीटर ओहमवर लावून बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामधला रोध मोजला जातो, शून्य दिसतं किंवा बीप वाजतो, आणि अर्थ चांगला आहे असं जाहीर होतं. मीटर रोध मोजताना अगदी बारीक करंट सोडतो. शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी त्या करंटला ती पुरते. सेल्फच्या दीडशे अँपिअरला ती पुरत नाही. नेहमीचा छोटा टेस्ट लॅम्पही याच कारणानं फसवतो. जुने वायरमन ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प म्हणून वापरत, त्यात जास्त शहाणपण होतं, कारण तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो आणि कमकुवत जोड उघडा पाडतो.

खरी परीक्षा काम चालू असतानाच होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. कॉइलची वायर काढून इंजिन सुरू होणार नाही याची खात्री करावी आणि गाडी न्यूट्रलमध्ये असावी. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, क्लँपवर नव्हे. लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसानं चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट उत्तम. ०.५ च्या वर गेला तर ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग एकेक टप्पा मोजायचा: खुंटी ते क्लँप, क्लँप ते केबलचं दुसरं टोक, ते टोक ते बॉडीचा पत्रा, पत्रा ते इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तिथे दोष. दिव्यांसाठीही हीच पद्धत, फक्त दिवा लावून ठेवायचा आणि लाल प्रोब बल्बच्या अर्थ टर्मिनलवर धरायचा. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपासचा आकडा चांगला. हीच मोजणी पॉझिटिव्ह बाजूलाही करायला हवी, कारण सगळे दोष अर्थचे नसतात. झिजलेले ब्रश, खराब सोलेनॉइड, सल्फेट धरलेली बॅटरी हे खरे आजार आहेत. पण त्यांच्यावर शिक्का मारण्याआधी परतीची वाट निर्दोष ठरलेली असली पाहिजे.

मीटर हाताशी नसेल तर एक जंपर केबलही पुरते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून सेल्फ मारायचा. जो सेल्फ कण्हत होता तो झरझर फिरला, तर निदान झालं.

दुरुस्तीत चमत्कार काही नाही, शिस्त मात्र हवी. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. अर्थच्या जागी केबलच्या टोकावरच्या थिंबलच्या आकाराएवढा रंग पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत काढायचा. थिंबल थेट पत्र्यावर, वर दातेरी वॉशर, मग बोल्ट. आवळून झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली, म्हणजे ओल आणि हवा आत शिरत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ ही शेवटची पायरी टाळली तर एका पावसाळ्यात तांबं हिरवं आणि पत्रा तांबडा होतो. केबलच्या टोकाशी कवचाखाली हिरवी भुकटी दिसली तर ती केबल घासून उपयोग नाही, कारण गंज आत तारांमधून पुढे सरकलेला असतो. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप कामाच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर तो करंट बेअरिंगमधून किंवा एखाद्या केबलमधून वाट काढतो.

परदेशी जुन्या गाड्यांत आणखी एक खबरदारी लागते. मॉरिस मायनरसारख्या त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. एमजीबी १९६२ मध्ये तशीच आली आणि १९६७ मध्ये तिची नवी आवृत्ती येताना निगेटिव्ह बॉडीला गेला. अशा गाडीत नवा अल्टरनेटर बसवताना किंवा बॅटरी बदलताना कुठली बाजू बॉडीला आहे हे पाहिलं नाही, तर अल्टरनेटरचे डायोड तिथल्या तिथे जळतात.

जुन्या जिप्सीत किंवा मारुती ८०० मध्ये एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवणाऱ्या तरुण हौशींची संख्याही कमी नाही, आणि तिथे अर्थचं महत्त्व आणखी वाढतं. सेन्सर शून्य ते पाच व्होल्टच्या पट्टीवर बोलतात. त्यांचा अर्थ सेल्फ किंवा रेडिएटर फॅनच्या अर्थबरोबर एकाच बोल्टवर असला, की फॅन चालू होताच दोन-तीन दशांश व्होल्टांचा फरक पडतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं इंजिनाची अवस्था बदलली, आणि तो पेट्रोलचं प्रमाण बदलतो. मग चांगले सेन्सर एकामागून एक बदलले जातात.

हे सगळं माहीत असूनही गॅरेजात तपासणी टाळली का जाते? उत्तर बिलात आहे. अल्टरनेटरचे पैसे मागितले तर ग्राहक देतो, कारण हातात खोक्यातली वस्तू येते. दोन तास मीटर घेऊन बोल्ट शोधल्याचे पैसे मागितले तर तो विचारतो, नुसता नट आवळायचे इतके? ज्याला दोष शोधल्याचे पैसे मिळत नाहीत, तो पार्ट विकूनच पोट भरणार. यात वायरमनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ही सवय गाडीमालकांनी लावली आहे आणि तीच मोडायची जबाबदारीही त्यांची आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. गॅरेजानं तपासणीचा दर वेगळा लिहावा आणि मालकानं तो मानावा. एका अनावश्यक अल्टरनेटरच्या किमतीत अशा कित्येक तपासण्या बसतात.

दुसरी जबाबदारी शिकवणाऱ्यांची. आयटीआयमधल्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडच्या मुलांनी बाहेर पडण्याआधी चालत्या सेल्फवर व्होल्टेज ड्रॉप स्वतःच्या हातानं मोजलेला असावा, फळ्यावरच्या आकृतीत नव्हे. जोडाखाली मुद्दाम रंगाचा थर ठेवून गाडी पुढ्यात उभी करावी आणि दोष शोधायला सांगावं. जुन्या गाड्यांच्या क्लबांनी रॅलीच्या आधी एक सकाळ याच कामाला दिली, तर रॅलीच्या वाटेवर बोनेट उघडून उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी होतील. रिस्टोरेशनच्या कंत्राटात रंगाचा कोड आणि क्रोमचा दर्जा लिहिलेला असतो. त्याच कागदावर इंजिन अर्थ, बॉडी अर्थ आणि दिव्यांचे अर्थ नव्यानं बसवून मोजून द्यावेत, अशी ओळ घालायला काहीच अडचण नाही.

गाडी ताब्यात घेताना मालकानं तीन आकडे तारखेसह जॉबकार्डवर लिहून मागावेत: सेल्फ फिरताना इंजिन ते बॅटरी, हेडलाइट लावून दिवा ते बॅटरी, ब्रेक दाबून मागचा होल्डर ते बॅटरी. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, त्याच तीन जागा पुन्हा मोजाव्यात आणि आकडा वाढलेला दिसला तर त्याच दिवशी तो जोड खोलून घासून घ्यावा.